सरकारी हिशेबाच्या नोकऱ्या : कोरपना-राजुरा भागातील पालकांसाठी माहिती

बारावीचा निकाल लागला की कोरपना, गडचांदूर, राजुरा या पट्ट्यात घराघरांत तीच चर्चा सुरू होते. सायन्सवाल्याला नर्सिंग नाहीतर फार्मसी, मार्क कमी पडले तर आयटीआय, आणि तेही नाही जमलं तर सिमेंट कंपनीच्या गेटवर ठेकेदाराकडे काम. कॉमर्स घेतलेल्या मुलाला तर अब्बा सरळ सांगतात, "दुकानावर बस." मुलगी असेल तर बी.कॉम. म्हणजे लग्न ठरेपर्यंतचं शिक्षण, अशी समजूत असते. आम्ही शाळेत शिकवतो. दरवर्षी पालक येऊन विचारतात, "कॉमर्स करून शेवटी मिळणार काय?" या लेखात त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न केला आहे.

उत्तर थोडक्यात असं : सरकारी पैशाचा हिशेब ठेवणं आणि तपासणं हे एक मोठं, कायम चालणारं क्षेत्र आहे. त्यातल्या बऱ्याच जागा साध्या पदवीवर भरल्या जातात. तरीही आपल्या घरांतून फॉर्म फार कमी भरले जातात. ज्यांनी भरले, त्यांच्यातलेही काही परीक्षेत नाही तर कागदपत्रांत अडकतात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

सरकारी पैशाचा हिशेब म्हणजे नेमकं काय

आमच्याच पगाराचं उदाहरण घ्या. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाच्या पगाराचं बिल 'शालार्थ' या ऑनलाइन प्रणालीत तयार होतं. ते वेतन पथकाकडे जातं, तिथे तपासलं जातं, मग कोषागारात पोहोचतं आणि तिथून मंजूर झालं की रक्कम बँकेत येते. या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी बसून पाहतं की रक्कम बरोबर आहे का, ती कोणत्या लेखाशीर्षाखाली पडते, त्या शीर्षात तरतूद शिल्लक आहे का. वर्ष संपलं की दुसरं कुणीतरी येऊन विचारतं की हा खर्च नियमात होता का. पहिलं काम लेख्याचं, दुसरं लेखापरीक्षेचं. या क्षेत्रातल्या सगळ्या नोकऱ्या या दोन कामांतून निघतात.

आपल्या भागात हे काम कमी नाही. कोरपना तालुक्यात चुनखडी आहे म्हणून सिमेंटचे कारखाने आले. खाणवाल्यांकडून रॉयल्टीशिवाय आणखी एक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होते. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन ही व्यवस्था आली. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांना १० टक्के रक्कम त्यात भरावी लागते. हा पैसा खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणासाठी आहे. म्हणजे ज्या ट्रकांची धूळ आपण खातो, त्याच ट्रकांतल्या मालापोटी आलेला पैसा कुठे गेला, हे वहीत लिहिणारा आणि ती वही तपासणारा माणूस लागतोच.

लेखापरीक्षा कशासाठी हवी, त्याचंही उदाहरण जवळच आहे. गोसीखुर्द प्रकल्पाचा १९८३ सालचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. पुढे तो वाढत वाढत १८ हजार कोटींच्या वर गेला. ब्रह्मपुरी, सावलीकडचे शेतकरी त्या पाण्याची वाट किती वर्षं पाहत राहिले, हे सगळ्यांना माहीत आहे. काम का लांबलं, खर्च का वाढला, यावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या म्हणजे 'कॅग'च्या अहवालांत बोट ठेवलं गेलं. ते अहवाल मुळात कुठल्यातरी ऑफिसात फायली उलटणाऱ्या लेखापरीक्षकांच्या नोंदींतून तयार होतात.

हे काम आपल्याला परकं नाही

जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, हिशेब, खजिना, दफ्तर, तहसील. मराठी कचेरीतले हे शब्द अरबी-फारसीतून आलेत आणि आपल्या घरात रोज वापरले जातात. 'फडणवीस' हा शब्दसुद्धा फर्द-नवीस, म्हणजे हिशेबाची यादी लिहिणारा, यावरून आलेला आहे. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपल्या मुलांना मदरशात शिकवलं जातं. लिखित हिशेबाची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

काही घरांत बँकेच्या नोकरीबद्दल व्याजाच्या प्रश्नावरून संकोच असतो. त्याबद्दल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावं. पण त्या संकोचापायी हिशेबाचं अख्खं क्षेत्र सोडून देऊ नये. कोषागार, जिल्हा परिषद, नगरपंचायत, लेखापरीक्षा कार्यालय ही काही बँक नव्हे. तिथलं काम बिलं तपासण्याचं आणि नोंदी ठेवण्याचं असतं.

जागा कुठे कुठे आहेत

_कोषागार._ राज्याच्या वित्त विभागाखाली लेखा व कोषागारे संचालनालय आहे. जिल्ह्याला जिल्हा कोषागार आणि तालुक्यांना उपकोषागार कार्यालयं असतात. इथली सुरुवातीची जागा कनिष्ठ लेखापाल, गट क. पात्रता कोणत्याही शाखेची पदवी, सोबत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र. भरती विभागवार होते, आपला विभाग नागपूर. परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन असे चार विषय असतात. वेतनश्रेणी २९,२०० ते ९२,३०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळं.

_जिल्हा परिषद आणि पंचायत समिती._ जिल्हा परिषदेच्या वित्त विभागाचे प्रमुख मुख्य लेखा व वित्त अधिकारी. त्यांच्या हाताखाली कनिष्ठ सहायक (लेखा), वरिष्ठ सहायक (लेखा), कनिष्ठ लेखा अधिकारी अशी पदं असतात. वरिष्ठ सहायक (लेखा) पदासाठी लेखाशास्त्र आणि लेखापरीक्षा हे विषय घेऊन बी.कॉम. केलेल्यांना पसंती असते. इथलं काम १९६८ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती लेखा संहितेप्रमाणे चालतं. २०२३ साली राज्यभरातल्या जिल्हा परिषदांची मोठी भरती एकाच वेळी निघाली होती, त्यात ही पदंही होती.

_नगरपंचायत आणि नगरपरिषद._ कोरपन्याला नगरपंचायत आहे, गडचांदूरला नगरपरिषद. यांच्यासाठी महाराष्ट्र नगरपरिषद लेखापरीक्षक व लेखा सेवा असा वेगळा संवर्ग आहे. इथे वाणिज्य शाखेची पदवी लागते. म्हणजे "दुकानावर बस" असं ज्याला सांगितलं, त्याच्यासाठीच ही जागा आहे.

_स्थानिक निधी लेखापरीक्षा._ जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांच्या हिशेबाची तपासणी करणारं हे राज्याचं संचालनालय. मूळ कायदा १९३० सालचा आहे. फिरतीचं काम, गावोगावी जावं लागतं. मुलींना पाठवायचं की नाही याचा विचार घरच्यांनी करावा, पण आज अनेक मुली हे काम करतात.

_कॅगची कार्यालयं._ नागपूरला महालेखापालांची कार्यालयं आहेत. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीची खाती नागपूरलाच सांभाळली जातात. इथली लेखापाल आणि लेखापरीक्षक ही पदं कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून भरली जातात. तिला सगळे सीजीएल म्हणतात. कोणतीही पदवी चालते. वेतन इथेही २९,२०० पासून सुरू. त्याच परीक्षेतून थेट सहायक लेखापरीक्षा अधिकारीही होता येतं, तिथे सुरुवात ४७,६०० वर. आणि जो लेखापरीक्षक म्हणून लागला, तो आत जाऊन खात्याची एसएएस परीक्षा पास झाला की वर चढतो. निवड झालेल्याला देशात कुठेही पाठवलं जाऊ शकतं, एवढं लक्षात ठेवावं.

_वीज आणि कोळसा._ महावितरणमध्ये निम्नस्तर लिपिक (लेखा) हे पद असतं. वाणिज्य किंवा व्यवस्थापनाची पदवी आणि एमएस-सीआयटी एवढी अट. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची कंपनी, तिचं मुख्यालय नागपुरात आणि राजुरा तालुक्यात सास्ती, पवनीच्या खाणी. कोल इंडिया वित्त शाखेत अधिकारी घेते, त्यासाठी सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट असावं लागतं.

_एमपीएससी._ राज्य कर निरीक्षक आणि कर सहायक ही पदं एमपीएससीच्या संयुक्त परीक्षांतून मिळतात. कर सहायकाला मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग लागतं. त्याच्या वर राज्यसेवा परीक्षा. तिच्यातून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत गट अ अधिकारी होता येतं. वेतन ५६,१०० पासून. या पदाला साध्या पदवीपेक्षा जास्तीची शैक्षणिक अट असते, ती जाहिरातीत नीट वाचावी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे आता पानंच्या पानं लिहावी लागतात.

_यूपीएससी._ भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवा, भारतीय नागरी लेखा सेवा आणि भारतीय संरक्षण लेखा सेवा या तिन्ही सेवा नागरी सेवा परीक्षेतूनच मिळतात. मुलं फक्त आयएएस, आयपीएस ही नावं ऐकतात. या सेवांची नावं त्यांना कुणी सांगत नाही.

_सहकार._ गावोगावी सेवा सहकारी संस्था आहेत, पतसंस्था आहेत. त्यांचं लेखापरीक्षण करायचं असेल तर पदवीनंतर सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही परीक्षा द्यावी. पास झाल्यावर अनुभवाची अट पूर्ण करून लेखापरीक्षकांच्या पॅनलवर जाता येतं. ही नोकरी नाही, स्वतःचा व्यवसाय आहे. घर, शेती सांभाळून करता येतो.

वयाचा हिशेब आधी करा

ही गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही आणि मुलांची वर्षं वाया जातात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा साधारण ३८, मागासवर्गीयांना ४३. पण सीजीएलमध्ये लेखापाल-लेखापरीक्षक पदांना मर्यादा २७ ची, ओबीसींना तीन वर्षं जास्त. म्हणजे केंद्राची दारं आधी बंद होतात. आमचा सल्ला असा की पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं केंद्राच्या परीक्षांवर जोर द्यावा आणि सोबत राज्याचे फॉर्म भरत राहावेत. अभ्यास बराचसा सारखाच असतो. सीजीएलचा पेपर मराठीत नसतो, हिंदी किंवा इंग्रजीत असतो. उर्दू ऐकत वाढलेल्या मुलाला हिंदी पेपर समजायला जड जात नाही. देवनागरी वाचनाचा वेग मात्र वाढवावा लागतो.

आणखी एक. केंद्राच्या गट ब अराजपत्रित आणि गट क पदांची मुलाखत १ जानेवारी २०१६ पासून बंद झाली आहे. राज्यात कनिष्ठ लेखापालासारख्या गट क पदांनाही लेखी परीक्षेच्या मार्कांवरच निवड होते. "आपलं नाव बघून घेणार नाहीत" असं घरी बोललं जातं. नाव बघायला समोर कुणी बसलेलंच नसतं. पेपर कॉम्प्युटरवर होतो आणि यादी मार्कांनी लागते.

जिथे आपली मुलं अडकतात : कागद

आमच्या एका विद्यार्थिनीने लेखी परीक्षा पास केली होती. कागदपत्र पडताळणीच्या वेळी दहावीच्या सनदेवर नाव एक, आधारवर दुसरं आणि जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव तिसऱ्याच पद्धतीने. ती धावपळ करत राहिली, मुदत निघून गेली. मार्क तिच्याकडे होते. त्या दिवसापासून आम्ही नववीच्या वर्गातच मुलांना आधार कार्ड आणायला सांगतो आणि शाळेच्या रजिस्टरशी ताडून पाहतो.

पुढचे मुद्दे वहीत लिहून ठेवा.

१. _नाव._ शेख आधी की नंतर, बी, बेगम, खान लावायचं की नाही, हे एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव शेवटचं मानलं जातं. लग्नानंतर मुलीचं नाव बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या.

२. _जात._ राज्यात आज धर्माच्या नावावर आरक्षण नाही. पण व्यवसायावरून ओळखल्या जाणाऱ्या अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. उदाहरणार्थ तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी-मन्सुरी. छप्परबंद विमुक्त जातींत आहेत. घरात "आपण मुसलमान, आपल्याला जात कुठली" म्हणून दाखला काढलाच जात नाही, मग ऐन वेळी पळापळ होते.

३. _पुरावा._ ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या कारभाराची भाषा उर्दू होती. आजोबा-पणजोबांच्या काळचा एखादा उर्दू कागद, शाळेचा दाखला, जमिनीची नोंद पेटीत पडली असेल तर फेकू नका. घरातल्या बुजुर्गांकडून वाचून घ्या आणि त्याचं अधिकृत भाषांतर करून ठेवा.

४. _नॉन-क्रिमिलेअर आणि वैधता._ नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत पाहत राहा. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून बारावीतच अर्ज करा. केंद्राच्या परीक्षेसाठी ओबीसी दाखल्याचा नमुना वेगळा असतो आणि केंद्राची यादीही वेगळी असते. दोन्ही तपासा.

५. _ईडब्ल्यूएस._ ज्यांची बिरादरी कोणत्याही मागास यादीत नाही आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी आर्थिक दुर्बल घटकाचं १० टक्के आरक्षण आहे. केंद्रासाठी जमीन आणि घराच्याही अटी असतात.

६. _मुलींसाठी._ राज्याच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. फॉर्ममध्ये तो रकाना चुकवू नका.

तयारी कधी, कशी

अकरावी-बारावीत कॉमर्स घेतलं तर पुस्तपालन मनापासून शिका. नावे-जमा, रोकडवही, ताळेबंद पक्कं झालं की पुढे सरकारी लेखे समजायला सोपे जातात. बारावीच्या सुट्टीत टायपिंगचा क्लास लावा. मराठी ३० आणि इंग्रजी ४० ही दोन्ही प्रमाणपत्रं पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत हातात असावीत. मोबाइलवर बोटं कितीही चालली तरी त्याचा इथे उपयोग नाही.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनी मराठीचा पेपर हलका समजू नये. कनिष्ठ लेखापालाच्या परीक्षेत मराठीला इंग्रजीइतकेच मार्क आहेत. समानार्थी शब्द, वाक्प्रचार, प्रयोग, समास हे रोज अर्धा तास. घरी एक मराठी वर्तमानपत्र घ्या आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. उर्दूवालं मूल वर्षभरात मराठीत तयार होतं, हा आमचा वर्गातला अनुभव आहे.

पदवीसाठी लांब जायची गरज नाही. चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झालं आणि त्याला जोडलेल्या कॉलेजांत बी.कॉम. करता येतं. स्पर्धा परीक्षेच्या मोफत प्रशिक्षणासाठी नागपूरची महाज्योती ही संस्था पाहावी. ती ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी आहे, म्हणजे आपल्या ओबीसी बिरादऱ्यांतली मुलंही अर्ज करू शकतात.  उच्च शिक्षणाच्या कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे विचारणा करावी.

सराव मात्र फुकट आणि गावातच होतो. ग्रामपंचायतीचे हिशेब नमुना १ ते ३३ मध्ये ठेवले जातात. नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आपल्या गावाचा जमाखर्च कुणालाही पाहता येतो. कॉमर्सच्या मुलांना तो उघडून दाखवा. किती आले, कशावर गेले, बाकी किती, एवढं त्यांना वाचता आलं तरी अर्धी भीती जाते. रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेत मांडलं जातं, त्यालाही मुलांना सोबत न्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली, कंत्राटी आणि कायम यातला फरक. आरोग्य अभियानात लेखापाल, रोजगार हमीत डाटा ऑपरेटर अशा कंत्राटी जागा तालुक्याला निघतात. अनुभवासाठी चांगल्या आहेत, घरालाही हातभार लागतो. पण तिथे रमून मुख्य परीक्षा सोडू नका. वय थांबत नाही.

दुसरी, दलाल. "साहेबांशी ओळख आहे, इतके द्या, ऑर्डर काढून देतो" असं सांगणारे प्रत्येक भरतीत निघतात. शेत, दागिने विकून पैसे दिलेली घरं आमच्या माहितीत आहेत. नोकरी मिळाली नाही आणि पैसेही गेले. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध २०२४ पासून केंद्राचा कडक कायदा आहे. पेपर फोडणारे आणि फसवणारे तर त्यात अडकतीलच, पण पैसे देणाऱ्या घराचंही नाव खराब होतं. जाहिरात फक्त त्या खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचा आणि फी तिथेच भरा.

पालकांनो, या आठवड्यात एवढंच करा. घरातली पेटी उघडा, मुलामुलींचे दाखले एका पिशवीत ठेवा आणि सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं आहे का ते पाहा. फरक दिसला तर शाळा सोडण्याआधीच आमच्यासारख्या शिक्षकांकडे या. वर्गात मूल असताना ही दुरुस्ती सोपी असते, नोकरीच्या यादीत नाव लागल्यावर ती फार अवघड होते.